पंधरा किलोमीटरच्या आत

पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे माणसाला सरकारचं पत्र येतं. मला ते वाढदिवसाच्या शुभेच्छांचं वाटलं. इतकी वर्षं इमानेइतबारे कर भरल्यावर सरकारनं दोन गोड शब्द लिहावेत, ही अपेक्षा काही फार नाही. म्हणून केक कापायच्या आधी, डोक्यावर कागदी टोपी घालून, मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं. 'प्रिय मिस्टर ऑल्विन प्रॉसर' इथपर्यंत माझा आवाज खणखणीत होता. तिथून पुढे तो उतरत गेला आणि शेवटच्या ओळीला तर मी नुसतेच ओठ हलवत होतो.

पत्राचा मतलब असा, की माझ्या गाडीच्या लायसन्सची मुदत संपत होती. पुढे चालवायची असेल तर आधी डॉक्टरचा दाखला आणा. मग दोन वाटा. एक तर परीक्षकाला शेजारी बसवून रस्त्यावर टेस्ट द्या, आणि पास झालात तर देशभर कुठंही हिंडा. नाहीतर टेस्ट न देता 'स्थानिक लायसन्स' घ्या, म्हणजे घराभोवती ठरवून दिलेल्या अंतरातच औषधं, भाजी आणि क्लब एवढं करा.

"म्हणजे खुंटीला बांधलेली शेळी," क्लाइव्ह म्हणाला आणि त्यानं केकचा तुकडा स्वतःच कापून घेतला.

क्लाइव्ह हॅनिगन समोरच्या घरात राहतो. सत्त्याऐंशीचा आहे. तीनदा टेस्ट देऊन तीनदा नापास झाल्यामुळे त्या विषयातला गावातला मोठा तज्ज्ञ तोच. दुसरी तज्ज्ञ नोएलीन, आमची भिंतीपलीकडची शेजारीण. तिनं एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे जगात गाडी फक्त तिलाच चालवता येते. दोघांनी त्याच बैठकीत माझी शिकवणी सुरू केली. मेणबत्त्या वितळून केकात उतरल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

"स्थानिक घेऊन टाक ना, ऑल्विन," माझी बायको ऊना हळूच म्हणाली. "बास झालं की तेवढं."

"बास कसं होईल?" मी म्हणालो. "आणि रविवार?"

यावर ती उठून बश्या मांडायला लागली, आणि त्यावरूनच मी काय समजायचं ते समजलो.

रविवारचं सांगतो. वेराबिन गावात आम्ही राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी आमचं शेत होतं, फेअरव्ह्यू नावाचं, इथून अडतीस किलोमीटरवर. त्या नावावर जाऊ नका. तिथून पाण्याची टाकी सोडून काहीही दिसत नाही. पण माझ्या आज्यानं ते नाव ठेवलं, आणि आज्याला टाकी आवडत असणार. गुडघे गेले, हृदयात स्प्रिंग बसली, मुलगी परदेशी गेली, तेव्हा आम्ही ते विकलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला मी ऊनाला तिथं घेऊन जातो. कुंपणापाशी गाडी लावायची, थर्मासमधला चहा प्यायचा, अर्धा तास बघायचं आणि परत यायचं. चौसष्ट साली, बाविसाव्या वर्षी, ती त्या घरात लग्न होऊन आली. त्या रस्त्यावर तेव्हा सात फाटकं होती. आमच्याकडे चालवणारा चालवतो आणि शेजारी बसलेलं माणूस उतरून फाटक उघडतं, गाडी जाऊ देतं, लावतं आणि परत येऊन बसतं. जायला सात, यायला सात. ऊनानं आयुष्यात किती फाटकं उघडली असतील याचा मी हिशोब करत नाही, लाज वाटते. तिचा जीव त्या शेतात अडकलाय. आणि आता मी तिला रविवारचंसुद्धा तिथं नेणार नसेन, तर नवरा म्हणून माझा उपयोग तरी काय? भांडी ती मला घासू देत नाही.

तेव्हा टेस्ट द्यायची हे ठरलं.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात कधी टेस्ट दिलेलीच नव्हती. पंचावन्न साली मी सतरा वर्षांचा असताना सार्जंट मुलकाहींकडे गेलो. पोलीस चौकीत ते एकटेच असायचे. बाहेर माझी गव्हाची लॉरी उभी होती.

"काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"लायसन्स."

"आलास कसा?"

"लॉरीनं."

"चालवत कोण होतं?"

आता खोटं बोलावं तर आत टाकतील, खरं बोलावं तरी आत टाकतील. मी खरं बोललो.

"चौदा वर्षांचा होतास तेव्हापासून बघतोय तुला," सार्जंट म्हणाले. "पहिल्या वर्षी तर नुसती टोपी दिसायची काचेतून. बस, लिहितो." मग त्यांनी मला पबपर्यंत त्यांची गाडी चालवायला लावली. दोन तासांनी मीच परत आणली, कारण त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. झाली टेस्ट! त्या कागदावर त्यांची वळणदार सही होती आणि बियरच्या ग्लासाचा गोल डाग होता. तेवढ्या कागदावर मी पाच वर्षांनी तेहतीस मैल लांबच्या नाचाला गेलो आणि तिथं पिवळ्या झग्यातली ऊना पहिल्यांदा पाहिली. आता असे सार्जंट राहिले नाहीत आणि असे कागदही राहिले नाहीत.

राहिले ते फॉर्म. फॉर्म घेऊन आम्ही डॉक्टर विजेसिंघेंकडे गेलो. हे मूळचे श्रीलंकेतल्या कँडीचे, नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावात आले. फार सभ्य माणूस. प्रश्न ते मला विचारतात, पण बघतात ऊनाकडे.

"हृदयातली स्प्रिंग कधी बसवली, मिस्टर प्रॉसर?"

"दोन हजार दहा."

"अकरा," ऊना म्हणाली.

"रात्री किती वेळा उठावं लागतं?"

"दोनदा."

"पाच."

"साखर?"

"ताब्यात आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या?" ऊनानं विचारलं.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग ते उठून माझ्या उजव्या बाजूला गेले आणि तिथून काही पुटपुटले म्हणे. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. छान चित्र होतं, बोटीचं. ते परत येऊन बसले आणि त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं.

"चक्कर वगैरे येते का?"

"छे! कधीच नाही."

"इस्टरला आली होती," ऊना म्हणाली.

"ती चक्कर नव्हती. जमिनीवर काय पडलंय ते मी बघत होतो."

"काय पडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाच," ऊना म्हणाली.

तासाभरात माझी सगळी अब्रू त्या टेबलावर मांडून झाली. डॉक्टर म्हणाले, "मिस्टर प्रॉसर, माझं ऐका. पंधरा किलोमीटरचं स्थानिक लायसन्स घ्या. मी आत्ता सही करतो." मी ताठ बसलो आणि म्हणालो, "डॉक्टर, माझी बायको काही शेळी नाही." त्यांना संदर्भ लागला नाही. ऊनानं कपाळावर हात मारला. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, पुढच्या आठवड्यात या, टेस्टपुरता दाखला देतो.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. बिघडवलं ते नोएलीननं. तिचं म्हणणं, म्हातारे नापास होतात ते आरशात बघत नाहीत म्हणून नव्हे, तर बघितलेलं परीक्षकाला दिसत नाही म्हणून. "डोळे फिरवून चालत नाही ऑल्विन, मान फिरव! सगळी फिरव! मागच्या बाकावरच्या पोरांनासुद्धा कळलं पाहिजे की ड्रायव्हर बघतोय." तिनं मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, हातात केकचा डबा दिला स्टिअरिंग म्हणून, आणि ती मागून ओरडायची, "डावीकडे! उजवीकडे! खांद्यावरून!" सहा दिवस सकाळ-संध्याकाळ हे चाललं. सातव्या दिवशी खांद्यावरून बघितलेली मान परत येईना.

तशीच मान घेऊन मी दाखला आणायला गेलो. डॉक्टरांशी बोलायचं तर मला दाराकडे तोंड करून बसावं लागलं. त्यांनी दाखला परत खणात ठेवला.

"मान हलत नाही तोवर मी सही कशी करू?"

"टेस्टच्या सरावानंच ती अडकलीय, डॉक्टर."

"असं लिहिण्याची सोय फॉर्ममध्ये नाही," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

आता मानेचा व्यायाम करून घेणारी बाई बसते बेलांद्राला, साठ किलोमीटरवर. माझ्या लायसन्सची मुदत तोवर संपली होती. म्हणजे गाडी चालवता येते हा दाखला मिळवायला मला दुसऱ्याच्या गाडीतून जाणं आलं. नोएलीननं नेलं. चूक तिचीच होती, त्यामुळे नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. पण सवय कुठं जाते! निघताना तिनं मला पट्टा लावला, वाटेत सफरचंद खाऊ दिलं नाही, आणि सोडताना म्हणाली, "सगळं सामान घेतलंस? डबा विसरू नकोस." मी पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, मुकाट्यानं डबा घेतला. असं पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत पाच रविवार गेले. ऊना दहा वाजता खिडकीशी येऊन उभी राहायची, आमच्या पांढऱ्या गाडीकडे बघायची आणि आत जायची.

अखेर मान सुटली, दाखला मिळाला आणि टेस्टचा दिवस ठरला, बुधवार, सकाळी दहा. परीक्षक बाई शहराकडून आल्या, मिस हेन्ड्री. तिशीच्या असतील. हातात फॉर्म लावलेली पाटी, पेन, आणि चेहऱ्यावर काहीही नाही.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण घोडं तिथंच पेंड खाणार होतं. समोरून गाडी आली की आम्ही स्टिअरिंगवरचं बोट वर करतो. अनोळखी असला तर एक बोट, ओळखीचा असला तर दोन, नातेवाईक असला तर आख्खा हात, आणि नुकतंच कुणी गेलेलं असेल त्या घरातला असला तर टोपीला हात. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, श्वास घेण्यासारखं. चौऱ्याहत्तर साली माझं बोट घामानं चिकटून राहिलं आणि वर आलं नाही, तर नोएलीनचा भाऊ दोन वर्षं माझ्याशी बोलला नव्हता.

एरवी बुधवारी दहा वाजता आमच्या मुख्य रस्त्यावर चार गाड्या भेटल्या तर गर्दी म्हणतात. पण नोएलीननं आणि क्लाइव्हनं गावभर सांगितलं होतं, ऑल्विनची टेस्ट आहे, जरा पाठीशी उभे राहा. आमचं गाव माणुसकीचं. जो तो आपापली गाडी काढून माझ्या पाठीशी उभा राहायला आला, आणि सगळे समोरून आले! एकापाठोपाठ एक. कुणी दोन बोटं करतंय, कुणी हात. मी काय करणार? दोन बोटं, दोन बोटं, हात, टोपी, दोन बोटं. शेजारी पेन टिक, टिक, टिक वाजत होतं. मला वाटलं, बाई माझ्या ओळखी मोजतायत. मनात म्हटलं, बघ म्हणावं, माणूस काय चीज आहे.

"आता डावीकडे गाडी लावा," मिस हेन्ड्री म्हणाल्या.

आमच्याकडे दुकानांसमोर गाडी तिरकी, मागची बाजू फूटपाथकडे करून लावतात. ते मी डोळे मिटून करतो. पण त्या दिवशी पाठीशी उभ्या राहिलेल्यांच्या गाड्यांनी सगळा रस्ता भरला होता. एकच जागा रिकामी होती, आणि ती क्लाइव्हनं कचऱ्याचे दोन हिरवे डबे आडवे ठेवून माझ्यासाठी राखली होती. मला बघताच त्यानं डबे ओढले आणि मागे उभा राहून दोन्ही हातांनी बोलवायला लागला. "ये, ये, ये! अजून ये! डावीकडे घे रे, डावीकडे! बस्स! शाब्बास!"

"हे गृहस्थ कोण?" मिस हेन्ड्रींनी विचारलं.

"हे? हे तीनदा नापास झालेत," मी म्हणालो. ओळख करून द्यायची तर खरी करून द्यावी.

तरीसुद्धा मी निभावलं असतं. नडला तो लेस्टर गिब. गावाबाहेरच्या रस्त्यावर तो मेंढ्यांचा ट्रक घेऊन समोरून आला आणि मला बघून थांबला. मीही थांबलो. खिडकीला खिडकी. दुसरं काय करतात? चाळीस वर्षं त्याचं आणि माझं कुंपण एक होतं; आता त्यानंही गावाजवळ जमीन घेतलीय.

"काय रे, कशी झाली टेस्ट?" लेस्टरनं विचारलं.

"चालू आहे."

"अस्सं! नमस्कार बाई. काही काळजी करू नका, चांगल्या हातात आहात. यानं माझा ट्रॅक्टर तीनदा नदीतून काढलाय."

"दोनदा," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा तूच मला काढलंस."

"पाऊस किती पडला रे तुमच्याकडे?"

"चार मिलिमीटर."

"आमच्याकडे सहा! त्या टेकडीपलीकडे तर अकरा."

"अकरा? काय सांगतोस!"

अकरा म्हटल्यावर इंजिन बंद करणं भागच होतं. मेंढ्या झाल्या, भाव झाले, लेस्टरच्या कमरेचं ऑपरेशन झालं. मागून एक दुधाची गाडी येऊन उभी राहिली, तिचा ड्रायव्हरही उतरून कमरेच्या विषयात सामील झाला. एकूण चार मिनिटं वीस सेकंद. हे मला नंतर कळलं, कारण ते पाटीवर लिहिलेलं होतं.

"मिस्टर प्रॉसर," परत आल्यावर मिस हेन्ड्री म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, "तुमचा हात वाईट नाही हो. पण तो एकोणतीस वेळा स्टिअरिंगवर नव्हता. आणि भर रस्त्यात गाडी उभी करून तुम्ही गप्पा मारल्या."

"मग न बोलता निघून जायचं?" मी विचारलं. मी खरंच विचारलं. मला कळत नव्हतं.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. नापास.

बाहेर सगळं गाव उभं होतं. क्लाइव्ह तेवढा पुढे आला आणि हात हातात घेऊन म्हणाला, "ये आमच्यात." त्या क्षणी त्याला डब्यात घालून झाकण लावावंसं वाटलं. ऊनानं किल्ली माझ्या हातातून घेऊन नोएलीनला दिली; तिनं गाडी आमच्या गॅरेजमध्ये नेऊन लावली, आम्ही पायी घरी आलो. मी सरळ गॅरेजमध्ये गेलो, गाडीत बसलो आणि रडलो. लपवायचं कशाला? अडुसष्ट वर्षं चालवली मी गाडी. नवरी आणली, पोरगी दवाखान्यात नेली, पुरात वासरं वाहिली, आई-वडिलांना दोघांनाही पोचवलं. आणि आता कुणी मला विचारलं की तू कोण, तर सांगू काय?

संध्याकाळी ऊनानं टेबलावर नकाशा पसरला. कंपास घरात नव्हता, म्हणून तिनं पाव-लोण्याची बशी वेराबिनवर पालथी घातली आणि पेन्सिलीनं गोल काढला. मापून बघितला तर बरोबर पंधरा किलोमीटर. त्यात डॉक्टर होते, औषधांचं दुकान होतं, क्लब होता, लेस्टरसुद्धा काठावर होता. फेअरव्ह्यू मात्र पार तिकडे मिठाच्या डबीपाशी राहिलं.

"हे घेऊन टाक," ती म्हणाली.

"अजून दोन संधी आहेत. मी परत देणार."

"परत मान अडकेल. परत पाच आठवडे. कशासाठी रे?"

"कशासाठी? ऊना, त्या गोलात फेअरव्ह्यू नाही!"

"नसू दे."

"नसू दे काय नसू दे! मी काय आंधळा आहे? पाच रविवार खिडकीशी उभी होतीस तू. तुला फेअरव्ह्यू दिसल्याशिवाय चैन पडत नाही म्हणूनच ना हे सगळं करतोय मी!"

ऊनानं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा मी जरा सावरून बसतो.

"मला?" ती म्हणाली. "मला फेअरव्ह्यू बघायचंय?"

"नाहीतर कुणाला?"

"तुला! अरे माणसा, अकरा वर्षं मी त्या धुळीत बसून राहिले ती तुझ्यासाठी! मी चौदा-चौदा फाटकं उघडलीत त्या रस्त्यावर, पावसात, पोटुशी असताना. मला काय करायचंय ते शेत बघून? तू चहा गार होईस्तोवर त्या टाकीकडे बघत बसायचास. म्हटलं बघू दे बिचाऱ्याला, जीव अडकलाय त्याचा."

"माझा?" मी ओरडलो. "त्यांनी बाग तोडली, गोठा पाडला. मला बघवत नाही तिथं! दर शनिवारी रात्री त्या विचारानं मला झोप लागायची नाही!"

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पंच्याऐंशी आणि एक्याऐंशी वर्षांची दोन माणसं, अकरा वर्षं, वर्षाचे बावन्न रविवार. आधी ऊना हसायला लागली. मग मी. हसता हसता मला ठसका लागला, तिनं पाणी आणून दिलं.

"पण मग," मी म्हणालो, "नऊपासून तयार होऊन कशाला बसायचीस तू? खिडकीशी कशाला उभी राहायचीस?"

तिनं नकाशावर सांडलेला पावाचा चुरा बोटानं गोळा केला.

"गाडीत तू बोलतोस," ती म्हणाली. "घरात नाही बोलत. घरात तू त्या खुर्चीत बसतोस, कानातलं मशीन काढून ठेवतोस, आणि मी काय म्हटलं तरी 'हं'. गाडीत मी तुझ्या डाव्या बाजूला असते, चांगल्या कानाच्या. तिथं तू सगळं बोलतोस. सार्जंटचं सांगतोस, तुझ्या आईचं सांगतोस. तो नाच सांगतोस, झगा निळा होता म्हणतोस."

"पिवळा."

"बघ! पिवळा. मी मुद्दाम चुकीचं बोलले. आठवड्यातून एकदा, अडतीस किलोमीटर जायला, अडतीस यायला, माझा नवरा माझ्याशी बोलतो. मला तेवढंच पाहिजे होतं. शेत गेलं खड्ड्यात."

मी तिचा हात धरला, तो चुऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन स्थानिक लायसन्सचा फॉर्म भरला. डॉक्टरांनी पंधराच्या आकड्यासमोर सही केली. ऊना पुढे वाकली.

"डॉक्टर, नवऱ्याशी बोलणं हे कशात बसतं? औषधात की खरेदीत?"

डॉक्टरांनी विचार केला. "सामाजिक गरजेत," ते म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं.

"आणि या पंधराच्या आत त्यानं किती किलोमीटर चालवायचं, याला काही बंधन?"

त्यांनी फॉर्म उलटून-पालटून पाहिला. "नाही बुवा. असं काही लिहिलेलं नाही."

त्याच महिन्यात लायसन्स आलं. पुढच्या रविवारी दहा वाजता ऊना थर्मास घेऊन येऊन डाव्या बाजूला बसली. मी गाडी काढली. गावाच्या उत्तरेला धान्याची कोठारं, तिथून घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, मग जुना पूल, मग कब्रस्तान, मग परत आमची गल्ली. बरोबर साडेनऊ किलोमीटर. गल्लीत आल्यावर मी ब्रेकवर पाय ठेवला, तर ऊना म्हणाली, "थांबतोस कशाला? तुझी आई काय म्हणाली मग?" मी परत कोठारांकडे वळलो.

सहाव्यांदा गल्लीत शिरलो तेव्हा नोएलीन रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होती, एकोणतीस वर्षं शाळेच्या फाटकाशी उभी राहायची तशी. एका हातात फोन होता. चेहरा पांढराफटक पडला होता. मी गाडी थांबवली, तशी ती ऊनाच्या बाजूनं धावत आली.

"ऊना! अगं सहा वेळा गेलात माझ्या दारावरून! घर विसरला का तो? डॉक्टरांना लावू का फोन? काय झालंय त्याला?"

ऊनानं काच अर्धी खाली घेतली.

"काही झालेलं नाही त्याला. अजून दोन फेऱ्या राहिल्यात," ती म्हणाली. "बाजूला हो गं, मध्ये थांबवू नकोस. आत्ताशी कुठं चौसष्ट साल आलंय."